भूकंपाच्या वाक्यातला कर्ता

'भूकंपाने हजारोंचे बळी घेतले' हे वाक्य मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात तपासण्यासारखे काही असेल असे कुणाच्या मनात येत नाही. गेली काही वर्षे मी कोयना आणि किल्लारी या महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या भूकंपांविषयी मराठीत छापून आलेला मजकूर मिळेल तेथून मिळवून वाचतो आहे. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, शासकीय पुस्तिका, स्मरणिका, दरवर्षी त्या त्या तारखेला येणारे लेख असा हा पसारा आहे. भूगर्भशास्त्र किंवा स्थापत्य मी महाविद्यालयात शिकलेलो नाही. त्या विषयांतले जे कळते ते पुस्तके आणि अहवाल वाचून. माझी मूळ ओढ भाषेची. त्यामुळे हा मजकूर वाचताना आकड्यांइतकेच वाक्यांकडेही पाहत गेलो आणि एका प्रश्नापाशी थांबलो: या वाक्यांतला कर्ता कोण?

शाळेत कर्ता ओळखायची एक सोपी रीत शिकवतात. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' असे विचारायचे. बळी घेणारा कोण? भूकंप. गावे जमीनदोस्त करणारा कोण? भूकंप. दुसऱ्या प्रकारची वाक्ये अशी: 'घरे पडली', 'मोठी जीवितहानी झाली'. पडणारे कोण? घरे. होणारी काय? हानी. पहिल्या प्रकारात सगळे कर्तेपण जमिनीखालच्या हालचालीला दिलेले असते. दुसऱ्यात घर आपले आपण पडते आणि हानी आपली आपण होते. मराठीत 'पडणे' आणि 'पाडणे', 'मरणे' आणि 'मारणे' अशा जोड्या तयार आहेत. भूकंपाच्या मजकुरात जोडीतले पहिले क्रियापद भरपूर भेटते; दुसरे आलेच तर त्याचा कर्ता पुन्हा भूकंप. भिंत कशी बांधली होती, छतावर एवढी माती का चढली, नकाशात गाव कुठल्या विभागात दाखवले होते, हे ठरवणारी माणसे वाक्यात येतच नाहीत.

या व्याकरणाची किंमत मोजावी लागते. जो वाक्यात नाही त्याला जाब विचारता येत नाही, आणि मग भूकंपातून घ्यायचा धडाही भलत्याच ठिकाणी शोधला जातो. किल्लारीबाबत तसे घडले आणि त्याचा परिणाम आज आपल्या शहरांत उभा आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

जुनी उत्तरे

भूकंपाला कर्ता हवा ही गरज जुनी आहे. पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली आहे आणि त्याने मान हलवली की धरणी हादरते, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगितले जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आधीच्या आचार्यांची मते एकापुढे एक मांडली आहेत: कुणी म्हणतो पाण्यात राहणाऱ्या महाकाय प्राण्याच्या हालचालीने, कुणी म्हणतो भार वाहून थकलेल्या दिग्गजांच्या निःश्वासाने, कुणी म्हणतो वाऱ्यांच्या टकरीने, तर कुणी म्हणतो माणसांच्या अदृष्टाने, म्हणजे साठलेल्या पापपुण्याने. वराहमिहिर ही मते शेजारी शेजारी ठेवतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कर्ता कोण हा प्रश्न मोकळा आहे याची त्याला जाणीव होती.

युरोपात हा प्रश्न पेटला तो १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन भूकंपाने. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि लोक चर्चमध्ये जमले होते. धक्क्यामागून समुद्राची लाट आली, आणि शहरभर लागलेली आग काही दिवस जळत राहिली. व्होल्तेरने यावर दीर्घ कविता लिहून परमेश्वराच्या चांगुलपणाविषयी शंका घेतली. पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहिले. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: तेथे सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे एकमेकांना चिकटून निसर्गाने उभी केली नव्हती. लोक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते तर नुकसान कितीतरी कमी झाले असते. सामान घ्यायला माघारी फिरून किती जण गेले, हेही त्याने विचारले. रूसोला या पत्रात परमेश्वराची बाजू सावरायची होती. ती सावरताना त्याने भूकंपाच्या वाक्यात पहिल्यांदा घर आणले आणि घर बांधणारा माणूसही आणला.

आपल्याकडचा असा वाद १९३४ चा. त्या वर्षी १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे कोसळली आणि कितीतरी मैल जमीन फाटून तिच्यातून वाळू-पाण्याची कारंजी उडाली. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली: भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, त्यांना नीतीशी जोडणे अंधश्रद्धेला खतपाणी घालण्यासारखे आहे. गांधीजींनी ती हरकत आपल्या 'हरिजन'मध्ये छापली आणि तिला उत्तरही दिले. हा वाद आपण आजही दोन थोरांच्या मोकळेपणाचा नमुना म्हणून वाचतो. पण रूसोचा प्रश्न मनात ठेवून वाचला तर त्यात एक रिकामी जागा दिसते. एकाच्या वाक्यात कर्ता पाप आहे, दुसऱ्याच्या वाक्यात भौतिक नियम. मुंगेरच्या पडलेल्या विटांच्या घराला या वादात मध्यावर जागा मिळाली नाही. रवींद्रनाथांची बाजू शास्त्राला धरून होती याबद्दल शंका नाही. तरीही 'भौतिक नियमाने माणसे मेली' हे वाक्य अर्धेच राहते. जमीन हलणे हा भौतिक नियम. छत डोक्यावर येणे हे त्या नियमाचे आणि आपल्या बांधकामाचे मिळून झालेले काम.

कोयना: धरणाने केला की धरणाने चाळवला?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगरची बहुतेक घरे पडली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, टणक भूभाग, तेथे मोठा भूकंप संभवत नाही, असा तोवर समज होता. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचे बळ गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरले होते. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या उपकरणाने त्या पहाटे कमाल त्वरण नोंदवले ते ०.६३ पट. भिंतीचा उतार जेथे बदलतो त्या उंचीच्या आसपास आडवे तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला मागून आधार देऊन बळकट केले गेले. ती नोंद आज जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासात आहे.

या भूकंपाची खरी चर्चा पुढेच सुरू झाली. जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. १९६७ नंतरही हे थांबले नाही. पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक धक्के या एका पट्ट्यात नोंदले गेले आहेत. १९८५ पासून वारणेचे धरण भरू लागले, त्यानंतर काही वर्षांत हालचाल दक्षिणेकडेही सरकली. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचे कोयना हे जगातले सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण ठरले. कराडला यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर खणून खडक तपासले गेले.

मला येथे शास्त्रज्ञांनी शब्दाची जी काळजी घेतली ती मोलाची वाटते. सुरुवातीला अशा भूकंपांना 'जलाशयाने घडवलेले' म्हणत. पुढे हर्ष गुप्ता आणि इतरांनी 'जलाशयाने चाळवलेले' असा शब्द पुढे आणला. फरक लहान दिसतो, पण तो कर्त्याचा फरक आहे. 'घडवले' म्हटले की सगळे बळ पाण्याचे. 'चाळवले' म्हटले की खडकात ताण आधीच साठलेला होता, भेग तुटण्याच्या बेतात होती, आणि भेगेत शिरणाऱ्या पाण्याचा दाब व जलाशयाचे ओझे यांनी ती वेळ जवळ आणली. म्हणजे वाक्यात दोन कर्ते आले, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा सांगता आला.

मराठीत मात्र हा वाद बराच काळ दोन टोकांना अडकून राहिला. 'धरणामुळेच भूकंप' आणि 'धरणाचा काही संबंध नाही' ही दोनच वाक्ये पाळीपाळीने छापून येत राहिली. पहिल्यात धरण सर्वस्वी दोषी, दुसऱ्यात सर्वस्वी निर्दोष. पाटण तालुक्यातल्या माणसाला यातल्या कोणत्याच वाक्याचा उपयोग नव्हता. धरणासाठी जमीन देऊन तो 'प्रकल्पग्रस्त' झाला होता आणि धरणाशेजारी राहून 'भूकंपग्रस्त'. हे दोन्ही शब्द आज शासकीय नोकरीच्या अर्जात वेगवेगळे रकाने म्हणून आहेत, त्यांचे आरक्षणही वेगळे. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. गिळणारा एका शब्दात प्रकल्प, दुसऱ्यात भूकंप. दोन्ही दाखले एकाच घरात निघाले तरी त्यांच्यातले नाते सांगणारा शब्द आपल्या प्रशासकीय मराठीने कधी घडवला नाही.

किल्लारी: खणाचे घर

कोयनेनंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरचा भाग हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. मृतांचा आकडा वेगवेगळ्या अहवालांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. या पहाटेवर मराठीत भरपूर लिहिले गेले, आणि त्यातले बरेचसे मनापासून लिहिलेले आहे. दुःखाच्या वर्णनावर टीका करायचा माझा हेतू नाही. माझी हरकत आहे ती वर्णनाच्या शेवटी जो निष्कर्ष येऊन बसतो त्यावर.

तो निष्कर्ष दोन पायऱ्यांनी येतो. पहिली पायरी आकड्याची. 'एवढ्या तीव्रतेचा भूकंप झाल्याने एवढी हानी झाली.' येथे 'तीव्रता' या शब्दाने घोळ केला आहे. भूकंपात किती ऊर्जा मोकळी झाली याचे मान एकच असते. रिश्टरने १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी बसवलेली मोजपट्टी त्यासाठी होती आणि आता शास्त्रज्ञ तिच्याऐवजी सुधारलेली मापे वापरतात. एखाद्या गावात जमीन आणि घरे किती हलली ही मात्र गावोगाव बदलणारी गोष्ट. या दोन्हींना आपण 'तीव्रता' म्हणतो आणि मग ६.२ हा आकडाच माणसे मारणारा वाटू लागतो. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, तशाच पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजलिस शहराच्या नॉर्थरिज भागात ६.७ मानाचा भूकंप झाला. लोक तेथेही झोपेत होते आणि वस्ती कैक पटींनी दाट होती. मृत्यू झाले साठच्या आसपास. खोली, जमीन, अंतर यांत फरक आहेत, म्हणून ही तुलना तंतोतंत घेऊ नये. पण आकडा मारत नाही एवढे तिच्यातून स्पष्ट होते.

दुसरी पायरी घराची. 'दगडमातीची जुनाट घरे असल्याने लोक मेले.' हे वाक्य आधीच्यापेक्षा बरे, कारण त्यात निदान घर आले. पण घरामागचा माणूस येथे 'जुनाट' या एका विशेषणात गुंडाळला जातो. तो माणूस नीट पाहायचा तर घर उलगडून पाहावे लागते.

मराठीत घर 'खणां'त मोजतात. तीन खणांचे घर, पाच खणांचा सोपा. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. म्हणजे घराचे माप लाकडी सांगाड्याचे होते; भिंत मोजत नसत. जुन्या बांधणीत खांब, तुळया आणि त्यांवरची कडीपाटाची बैठक हे घराचे हाड, आणि भिंत हे त्याभोवतीचे आवरण. किल्लारीनंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी हीच गोष्ट नोंदवली आहे: जेथे लाकडी खांब-तुळयांची चौकट शाबूत आणि सांधलेली होती, तेथे भिंती ढासळूनही काही घरांतले छत खांबांवर तोलून राहिले. जेथे तुळया थेट भिंतीवर टेकवल्या होत्या, तेथे भिंतीबरोबर छत खाली आले.

या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड. बाहेरून भरभक्कम, पण आत दोन वेगळे थर आणि मध्ये मातीत टाकलेली दगडांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुधा नसे. दगडही बरेचदा गोल, न घडवलेले. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटत. वर माळवद. पाऊस गळू नये, उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून दरसाल त्यावर मातीचा नवा थर चढे. जुना कुणी काढत नसे. एक फूट जाडीची माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. काही घरांत थर याच्या दुप्पट होता.

आता वाक्याचा कर्ता शोधू. चांगले लाकूड महाग आणि दुर्मीळ होत गेले, म्हणून खांब कमी झाले आणि ओझे भिंतीवर आले. दगड घडवणारा गवंडी परवडेना, म्हणून न घडवलेला दगड मातीत बसला. या दोन्हींमागे गावाची ऐपत आहे. तिसरी गोष्ट नकाशाची. देशाच्या भूकंपप्रवण विभागांच्या अधिकृत नकाशात हा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीच्या आसपास धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरले होते. पण नकाशा म्हणत होता की धोका नाही, आणि भिंतीला आरपार दगड घाला, छतावरची माती उतरवा, हे सांगायला कुणी घरोघर गेले नाही. कोयनेनंतर नकाशा बदलला होता, किल्लारीनंतरही बदलला. २००२ च्या मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला. आपल्याकडे नकाशा भूकंपाच्या मागून चालतो, प्रेते मोजून झाल्यावर.

ऐपत, कारागिरी, जंगल आणि नकाशा अशा या वाक्यातल्या चार-पाच कर्त्यांपैकी एकही भूकंप नव्हे. भूकंपाने या सगळ्यांची परीक्षा घेतली.

लाभार्थी आणि संवाद सहायक

किल्लारीनंतरचे पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जातून झाले आणि त्याची व्याप्ती मोठी होती. बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. नव्या गावांत सरळ रेषेत रुंद रस्ते आले, आणि घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरात माणसे किती, हा निकष नव्हता. ज्याला घर मिळाले तो 'लाभार्थी'. या शब्दात लाभ देणारा अध्याहृत आहे आणि घेणारा नुसता हात पसरून उभा आहे. घर कसे हवे, जनावरे कुठे बांधायची, सोपा कुठे, हे त्याने बोलायचे नसते. पुढे काय झाले ते अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. रोहित जिग्यासू यांनी या भागावर केलेल्या संशोधनात, अपुऱ्या पडलेल्या घरांना लोकांनी पत्र्याची आणि दगडमातीची जोड दिल्याचे दिसते. काही ठिकाणी जुन्या गावातलेच दगड आणून. म्हणजे ज्या बांधणीने जीव घेतले ती नव्या गावात मागच्या दाराने परत आली, कारण तिच्यातली चूक कुठली आणि गुण कुठला हे कुणी समजावून सांगितले नव्हते.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी बोलला जातो. जी गावे हलवली नाहीत तेथे लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. त्यासाठी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत हजारावर गावांत स्थानिक बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. भिंतीत आरपार बांध कसा घालायचा, छताची माती किती उतरवायची, भिंतींना पट्टा कसा फिरवायचा, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या. गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा या भागातल्या बायका तेथे जाऊन आपला अनुभव सांगत होत्या. प्रशासकीय मराठीत 'लाभार्थी' शेकडो वेळा छापला गेला, 'संवाद सहायक' क्वचित. मला मात्र भूकंपाने मराठीला दिलेल्या शब्दांत हा एकच शब्द असा वाटतो की ज्यात भूकंपातून वाचलेली बाई कर्ता आहे.

धडा कुठे चुकला

तरीही आपल्या समाजमनात किल्लारीचा धडा राहिला तो एका ओळीचा: दगडमाती मारते, सिमेंट वाचवते. खेड्यात ज्याच्या गाठीला चार पैसे आले त्याने दगडी भिंतीवर स्लॅब टाकला. खालची भिंत तीच, दोन सुट्या थरांची. वर मातीऐवजी काँक्रीट. शहरात तर काँक्रीट म्हटले की भूकंपाचा विषयच संपला.

हा धडा चुकीचा आहे याचा पुरावा कच्छच्या भूकंपानेच दिला. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास ७.७ मानाचा भूकंप भुजजवळ झाला आणि तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला मोकळा होता, गाड्या उभ्या करण्यासाठी. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींनी ताठ केलेले, खाली नुसते खांब. जमीन हलली की सगळे वाकणे त्या खांबांच्या वाट्याला येते आणि इमारत गुडघ्यात मोडते. नॉर्थरिजमध्येही मृतांपैकी सोळा जण एकाच तीन मजली निवासी इमारतीत गेले; तिच्याही तळमजल्याचा काही भाग गाड्यांसाठी होता. अहमदाबादेनंतर, २००२ च्या मानकात, अशा मोकळ्या मजल्याच्या खांबांसाठी अडीचपट बळाचा हिशेब धरायला सांगितले गेले.

२००२ च्या मानकातल्या भूकंपाच्या नकाशात अहमदाबाद तिसऱ्या विभागात होते. मुंबई आणि पुणेही त्यात तिसऱ्याच विभागात होती. या दोन शहरांत २००२ च्या आधी बांधलेल्या आणि खाली मोकळे पार्किंग असलेल्या इमारती कुठल्याही उपनगरात रांगेने दिसतात. त्या सगळ्या धोकादायक आहेत असे मी म्हणणार नाही. खांबाचे माप आणि त्यातली सळी पाहिल्याशिवाय तसे कुणालाच म्हणता येणार नाही. माझा मुद्दा असा की पाहण्याची गरजच आपल्याला वाटत नाही, कारण आपल्या वाक्यात धोका दगडमातीच्या घरात आणि मराठवाड्याच्या खेड्यात नेऊन ठेवलेला आहे. जुनी घरे 'जुनाट' म्हणून दोषी ठरली, त्यामुळे नवी घरे नवी म्हणूनच निर्दोष ठरली. गावातल्या गवंड्याचे अज्ञान आपण तावातावाने लिहिले. शहरातला बांधकाम व्यावसायिक, त्याचा आराखडा करणारा अभियंता, तो मंजूर करणारे कार्यालय आणि सदनिका घेताना टाइल्सचा रंग विचारून खांबाचा विचार न करणारे आपण, यांच्यासाठी मराठीत अजून वाक्य तयार नाही.

साहित्याच्या वाचकांसमोर हे मांडण्याचे कारण एवढेच की वाक्य बदलणे हे लिहिणाऱ्यांच्या हातात असते. दर ३० सप्टेंबरला आणि ११ डिसेंबरला लेख येतील, यावेत. त्यांत आठवणी असाव्यात, गेलेल्यांची नावे असावीत. पण प्रत्येक लेखात एक परिच्छेद घरासाठी ठेवावा: कुठले घर पडले, कुठले राहिले, त्यांच्या बांधणीत फरक काय होता, ते कुणाच्या पैशाने, कुणाच्या सल्ल्याने आणि कुणाच्या मंजुरीने उभे राहिले. शेजारी शेजारी असलेल्या दोन घरांतले एक पडते आणि एक उभे राहते तेव्हा त्यांच्याखालची जमीन जवळजवळ सारखीच हललेली असते. उरलेला फरक माणसांनी केलेला असतो, आणि तो लिहायला 'पाडणे' हे क्रियापद लागते. त्याचा कर्ता शोधायला शाळेतली रीत पुरेशी आहे: पाडणारा कोण?